न मरणाऱ्या पिक्चरमधली यमुनाअक्का

यमुनाअक्का कुणाला नमस्कार करायची नाही. समोर आलेल्या माणसाचा हात धरायची, मनगट उलटं करायची, त्यावर तीन बोटं टेकवायची आणि स्वतःच्या डाव्या हातावरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागायची. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या नर्सांचा तिला मनापासून राग होता. "पंधरा सेकंदमा मानूस काय समजस? पुरं मिनिट दे मले," म्हणायची. ते मिनिट होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही. दूधवाला, विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत तिने ज्याचा हात धरला नाही असं कुणी उरलं नव्हतं. मोजून झालं की आकडा सांगायची आणि मगच येण्याचं कारण विचारायची, "बोल, कसाले उना?"

मी लग्नाच्या व्हिडीओ शूटिंगचा धंदा करतो. गल्लीतल्याच एका लग्नात कॅमेऱ्याची बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावायला मी तिच्या घरात शिरलो, ती आमची पहिली गाठ. तिने हात धरला, मिनिट मोजलं आणि हात न सोडता विचारलं, "दारू पेस का?" मी म्हणालो, "नाही अक्का." तिने घड्याळाकडे बघत पुन्हा मिनिटभर मोजलं. "खोटं. आते शहात्तर व्हती, तू 'नाही' म्हना आनि गई नव्वदवर. तोंड खोटं बोलस, नाडी बोलत नही." नवरदेवाच्या मित्रांनी मांडवामागे बळेच पाजलेले दोन घोट मला तिथल्या तिथे कबूल करावे लागले. त्यानंतर मी अक्काशी कधी खोटं बोललो नाही. एकाच गोष्टीत बोललो. त्या एका गोष्टीचं ओझं उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तिचं माहेर सोनगीरचं. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. मग नर्सचं शिक्षण घेतलं आणि सातपुड्याच्या पायथ्याशी यावलकडच्या एका उपकेंद्रात लागली. तिथेच पायाचे तुकडे पडेपर्यंत तीस वर्षं पाड्यापाड्यांवर हिंडली. बाळंतपणं किती केली याची तिलाही गणती नव्हती. आणि जितकी माणसं येताना पाहिली, तितकीच जाताना. डॉक्टर असायचा तालुक्याला. त्यामुळे नातेवाइकांना शेवटचं सांगायचं काम तिचं. ती "आता काही उपाय नाही" असं म्हणायची नाही. "घर लई जा त्याले. त्यान्हं आंगन देखू द्या," एवढंच म्हणायची आणि लोक समजायचे.

निवृत्तीनंतर ती पिंप्राळ्याला एका खोलीत राहायला आली. धुळ्याला भावाचा मुलगा होता, तो वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जायचा.

आता पिक्चरचं सांगतो. नवरानवरीला झाडाभोवती पळवून पळवून मला उबग आला होता. एक खरा पिक्चर करायचा, तोही विज्ञानाचा, हे खूळ डोक्यात होतं. पैसा नव्हता. तेव्हा ना उडणारी यानं, ना चमकणारे दिवे, नुसती बोलणारी दोन माणसं असा पिक्चर मी लिहिला. गोष्ट पुढच्या काळातली. न मरण्याचं औषध निघालंय. दर वर्षी एक डोस घेतला की माणूस मरत नाही. कुणी मरत नाही आणि म्हणून कुणाला जन्मही देऊ देत नाहीत. तीनशे वर्षांची एक नर्स आहे, तिने यंदाचा डोस घेतलेला नाही. सरकारचा एक अधिकारी तिला समजवायला तिच्या खोलीत येतो आणि दोघं दिवसभर बोलतात. बस.

अधिकाऱ्याचं काम प्रवीणने केलं. तो प्रत्यक्षात विमा एजंट. कुणी मरतच नाही म्हटल्यावर त्याचा धंदा बुडाला, असा विनोद आम्ही रोज करायचो. नर्ससाठी मात्र मला अक्काच हवी होती. नाटकातल्या दोन बायका पाहिल्या, पण दोघींनी मनगट असं धरलं की जणू बांगड्याच भरताहेत. अक्काने गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली, "तीनशे वरीस? सरकार पेन्शन दी का तवलोंग?" मग माझ्या हातातले कागद काढून घेतले. "करसू," म्हणाली. "पन वाक्ये मी तपासी लिसू."

आणि तपासलीच. मी लिहिलं होतं, 'मृत्यू हाच जीवनाचा खरा अर्थ आहे.' या वाक्यावर मी फार खूश होतो. तिने कागद चष्म्याजवळ नेला आणि मला विचारलं, "हाई कोन बोलस रे? इतला लोके मन्हा समोर मरनात, एक बी असं बोलना नही. बठ्ठा पानी मांगतस." मरताना सगळे पाणीच मागतात म्हटल्यावर मी वाक्य खोडलं. अशी माझी निम्मी वाक्यं तिने मारली, आणि जी उरली त्यांत जीव आला. तालमीत ती प्रवीणची नाडी धरून बसायची. तो संवाद विसरला की आधी तिला कळायचं, मग त्याला.

घागरीचा सीनही तिचाच. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर भरतात. वर खरबूज ठेवायचं, सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा आणि ज्याच्या नावाची घागर त्याचं नाव घेऊन पाणी ओतायचं. अक्का म्हणाली, "ज्या गावमा कोनी मरत नही, त्या गावनी आखाजी कशी व्हई? इचार करा का तू?" मी केला नव्हता. मग आम्ही तो सीन ठरवला. डोस सोडलेली म्हातारी त्या अधिकाऱ्याला घागर भरायला शिकवते, कारण ती गेल्यावर तिची घागर भरणारं कुणी नाही आणि रीत माहीत असलेलं तर जगातच कुणी नाही.

पण घागर भरायची म्हणजे नाव घ्यावं लागणार. कथेत म्हातारीचं नाव होतं सरस्वती. दिवे सांभाळणारा सलीम म्हणाला, "आमच्या समोरच्या सरस्वतीकाकूंनी ऐकलं तर माझं दार बंद होईल." गंगू घ्यावं तर प्रवीणची सासू गंगू. भागाबाई माझी मावशी. चंद्रभागा गल्लीच्या टोकाला पापड लाटत बसलेली. अर्धा तास आम्ही चार शहाणी माणसं, तीनशे वर्षांपुढचा पिक्चर काढायला निघालेली, एका मेलेल्या बाईचं नाव शोधत होतो आणि जे नाव काढावं ती बाई जिवंत निघत होती. शेवटी अक्का वैतागली. "लिख, यमुना. मन्हंच नाव लिख. मन्हामांगे कोन रडनारं शे?" सलीम म्हणाला, "अक्का, नको." ती म्हणाली, "चूप. तीस वरीस पोलिओना डोस पाजात मी. मले घागरनं भ्याव दखाडस?"

तो सीन आठ मिनिटांचा, एका दमात घेतलेला. अधिकारी विचारतो, "मातीचीच का? तांब्याची टिकेल." ती म्हणते, "मन्हं माहेर सोनगीर. तठे तांबानी घागर सात पिढ्या ऱ्हास. पन आखाजीले मातीनीच लागस. फुटनारीच लागस." मग तो तांब्या हातात घेतो आणि विचारतो, "नाव?" ती त्याच्याकडे बघते. "यमुना," म्हणते. हे नाव घेताना तिचा आवाज किंचित खाली गेला आणि डोळे क्षणभर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी गेले. ते मी लिहिलेलं नव्हतं. 'कट' म्हणायचं मला भान राहिलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर तिने ताट बाजूला सारलं. "जित्या माणसाची घागर भरली तुम्ही?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी अक्काला सांगितलं, तीही हसली.

दीड महिन्याने तिच्या पोटात दुखायला लागलं.

तपासणीला मीच घेऊन गेलो. रिपोर्टचं पाकीट तिने रिक्षातच फोडलं आणि वाचून माझ्याकडे दिलं. "वाच." मी म्हणालो, "मला काय कळतं यातलं?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मले समजस. तेच तं." गाठ होती आणि पसरली होती. डॉक्टरांच्या खोलीत ती ताठ बसून होती. डॉक्टर फार चांगले, हळू आवाजात बोलत होते. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला मी काय सांगणार? घरीच आराम करा." मला तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य पहिल्यांदा तिच्यावर आलं होतं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "दुसरं काही नही का, साहेब? देखा ना एखादं. मी बठ्ठं सहन करसू."

मला वाटलं होतं, इतकी मरणं पाहिलेली बाई शांत राहील. माझ्या पिक्चरमधली राहिली होती. खरी अक्का राहिली नाही, आणि तिने का राहावं? जळगावचा दवाखाना झाला, धुळ्याचा झाला. सलाइन लावून लावून हात काळे पडले. ज्या भगतांना तिने तीस वर्षं शिव्या घातल्या, त्यांतल्याच एकाची मुळी तिने सातपुड्यातून माणूस पाठवून मागवली आणि माझ्यासमोर उगाळून प्यायली. "हासू नको," म्हणाली. मी हसत नव्हतो. उलटी झाली तर तोंड धुऊन पुन्हा प्यायची. एक दिवस माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुन्हा त्या पिक्चरमधलं औषध खरं ऱ्हातं तं मी चोरी करीसन पेती रे. डोस सोडती नही. सांग त्या म्हातारीले, येडी शे ती."

आणि मग तिने ते मागितलं. "संजू, घागरना शीनमाईन मन्हं नाव पुसी टाक."

मी म्हणालो, "अक्का, तूच तर म्हणायचीस..."

"मले म्हाईत शे. घागर भरीसन कोनी मरत नही. मीच लोकेसले सांगं. तरी पुस."

"बघतो."

"देखू नको. पुस."

आता खरं सांगतो. काम काहीच नव्हतं. कॉम्प्युटर उघडायचा, सीन लावायचा, त्या एका शब्दाचा आवाज बंद करायचा. पण पिक्चर पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायचा होता, तारीख जवळ आली होती आणि तो सीन त्या शब्दावर उभा होता. तिच्या तोंडून तिचंच नाव आलं नाही तर उरत होती एक बाई, एक माणूस आणि एक मडकं. मी रोज कॉम्प्युटरसमोर बसायचो, तो सीन लावायचो, बघायचो आणि बंद करायचो. मनाशी म्हणायचो, अंधश्रद्धा आहे. तिलाही ठाऊक आहे की अंधश्रद्धा आहे. एका शब्दाने काय फरक पडतो? आणि एका शब्दाने काही फरक पडत नाही तर तो पुसायला माझं काय जात होतं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. तिने तीनदा विचारलं. एकदा मी सांगितलं लाईट नव्हती, एकदा सांगितलं कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकलाय, एकदा विषयच बदलला. तिन्ही वेळा दारातूनच बोललो, हाताच्या अंतरावर गेलो नाही. महोत्सवाची तारीख आली. पिक्चर गेला, नावासकट.

शेवटची भेट दवाखान्यातली, दुपारची. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती आणि तिची सून केळं सोलत होती. अक्का एवढीशी झाली होती. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला होता, तरी ते कोपरापर्यंत सरकत होतं. मला पाहिल्यावर तिने हात पुढे केला. न देऊन चालणार नव्हतं. तिने मनगट उलटं केलं, तीन बोटं टेकवली. बोटांत जोर नव्हता, पण जागा अचूक होती. मग घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "पुसं का?"

"पुसलं, अक्का."

ती मोजत होती. माझ्या कानांत ठोके पडत होते. छातीत, गळ्यात, ओठांतही पडत होते. मला हात काढून घ्यावासा वाटला. खरं सांगून टाकावंसं वाटलं, तोंडापर्यंत आलं होतं. पण मोजताना बोलायचं नाही ही तिची शिस्त, आणि त्या शिस्तीआड मी लपलो. तिने पूर्ण मिनिट घेतलं. मग हात सोडला आणि माझ्या मनगटावर एक थाप मारली.

"बहात्तर," म्हणाली. "चांगली शे. जाय, जेवी ले."

मी बाहेर आलो आणि दारापाशीच्या बाकावर बसलो. नाडी कशी धरायची हे तिनेच मला पिक्चरसाठी शिकवलं होतं. मोबाईलवर सेकंद लावून मी स्वतःची मोजली. तिने शिकवली होती तशी, पूर्ण मिनिट. एकशे चार होती. मी पुन्हा आत जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. चार दिवसांनी अक्का गेली.

तिच्यासोबतची इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणतो तर ती एकदाच खोटं बोललेली सापडते, आणि तेही आकड्यात. ज्या आकड्यात तिने कधी कुणाला सूट दिली नाही त्यात मला दिली. ती का दिली, माझी लाज राखायला, की आता पुसून उपयोग नाही हे कळल्यामुळे, की तिला ते खरं मानायचं होतं म्हणून, हे मी कुणाला विचारू? पुण्याला पिक्चर दाखवला तेव्हा घागरीच्या सीनला टाळ्या पडल्या. बाहेर एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "नाव घेताना काय बघतात हो त्या! कशी करून घेतलीत ही अ‍ॅक्टिंग?" मी म्हणालो, "अ‍ॅक्टिंग नव्हती." त्यांना तो माझा विनय वाटला.

ती गेल्यानंतरची पहिली आखाजी भाचा करेल असं मी धरून चाललो. दुसऱ्या आखाजीला, म्हणजे यंदा, न राहवून फोन केला. तो म्हणाला, "आत्याची? आमच्याकडे वडलांची भरतो, तिची नाही भरत. तिची तर तुम्हीच भरली ना पिक्चरमध्ये?" तो टोमणा नव्हता. सरळ मनाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. खरंच, साऱ्या जगात अक्काच्या नावाची घागर एकदाच भरली गेली होती, ती जिवंत असताना, माझ्या कॅमेऱ्यासमोर. आणि तीच तिला नको होती.

आईला म्हणालो, "अक्काची घागर भरतो." आई म्हणाली, "आपण कोण तिचे? ना भाऊबंद, ना कूळ." मी तांब्या घासायला घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पिशवी घेऊन बाहेर गेली आणि कुंभाराकडून एक घागर जास्तीची घेऊन आली. खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मी तांब्या उचलला. आई म्हणाली, "नाव घे." मी "यमुना" म्हणालो आणि पाणी ओतलं. माझा आवाज तिच्यासारखाच खाली गेला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

जेवण झाल्यावर कॉम्प्युटर उघडला. सीन लावला. प्रवीण विचारतो, "नाव?" अक्का त्याच्याकडे बघते. तो शब्द निवडला आणि आवाज बंद केला. आता तिथे तिचे ओठ हलतात, नजर पलीकडे जाते आणि काही ऐकू येत नाही. मी काम सुरू करताना घड्याळ पाहिलं होतं, संपल्यावर पुन्हा पाहिलं. अक्काला माझी नाडी मोजायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाही लागला नव्हता.